कुडाळच्या कार्यशाळेतील हाताने दिलेले कोटिंग : किनाऱ्यावरच्या घरांसाठी कितपत उपयोगाचे

इंकजेट प्रिंटरवर काढलेल्या छायाचित्रांवर हाताने संरक्षक द्रवाचा थर चढवून देणारी कुडाळ येथील ही लहानशी कार्यशाळा मुळात छपाई आणि फ्रेमिंगचे काम करते. कोटिंग हा तिच्या दरपत्रकातील शेवटचा आणि बहुतेक ग्राहकांच्या नजरेतून निसटणारा रकाना आहे. मालवण आणि वेंगुर्ले परिसरात टिपलेल्या माझ्या काही छायाचित्रांवर मी तेथे कोटिंग करून घेतले: सिंधुदुर्ग किल्ल्याचे कॅनव्हासवरील मोठे चित्र, एका दशावतारी कलाकाराचे सुती कागदावरील कृष्णधवल चित्र आणि घरच्या, टाकीत शाई भरण्याच्या प्रिंटरवर काढलेल्या काही चकचकीत प्रिंट. तिन्हींचा अनुभव वेगवेगळा आला. कॅनव्हासच्या कामाची मी निःशंकपणे शिफारस करीन, सुती कागदाच्या कामाची काही अटींसह करीन, आणि चकचकीत प्रिंटवर या कामासाठी पैसे खर्चू नयेत असे सांगेन.

किनाऱ्यालगतच्या घरात प्रिंटला ऊन जेवढे मारते त्याहून अधिक हवा मारते. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात, आणि हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतले पाणी ओढून त्यातच विरघळू लागते. आपल्याकडे पावसाळ्यात ही मर्यादा जवळजवळ रोज ओलांडली जाते. त्यामुळे उघड्या प्रिंटवर बसलेला प्रत्येक खारा कण त्या जागी ओलावा धरून ठेवतो. त्यात आजच्या बहुतेक छायाचित्र-कागदांवर आणि कॅनव्हासवर शाई शोषून घेणारा जो थर असतो तो सच्छिद्र असतो. त्या छिद्रांमुळे शाई क्षणात वाळल्यासारखी दिसते, परंतु त्याच छिद्रांतून ओलावा, धूर आणि ओझोनही आत शिरतात. २००० साली बाजारात आलेल्या डाय शाईच्या, म्हणजे द्रवात विरघळलेल्या रंगाच्या, काही प्रिंटरवरील चित्रे विशिष्ट सच्छिद्र कागदावर अल्पावधीतच नारिंगी पडू लागली होती, आणि त्या प्रकरणात मुख्य दोष उन्हाचा नसून हवेतील ओझोनचा असल्याचे पुढे आले. पिगमेंट शाईत रंगाचे घन कण असल्यामुळे ती या माऱ्याला बरीच पुरून उरते, मात्र तिचे कण पृष्ठभागाच्या अगदी वरच्या भागात बसलेले असतात आणि नख लागले किंवा ओले फडके फिरले तरी ते खरवडले जातात. कोटिंगचे काम ही छिद्रे बुजवणे आणि हे कण जागच्या जागी धरून ठेवणे हेच मुख्यतः आहे. त्यापलीकडे कोणी काही कबूल करत असेल, तर ते जरा चाळून घ्यावे.

कार्यशाळेत कॅनव्हाससाठी पाण्यावर आधारित ॲक्रिलिक द्रव वापरतात आणि तो फोमच्या बारीक छिद्रांच्या रोलरने चढवतात. छपाई झाल्यावर कॅनव्हास लगेच कोटिंगला घेत नाहीत. शाई हाताला कोरडी लागली तरी तिच्यातील ग्लायकॉलसारखे संथपणे उडणारे घटक आत अडकलेले असतात, आणि त्यांच्यावर थर चढवला तर तो धुरकट होतो किंवा नीट चिकटत नाही. सर्वसाधारण शिरस्ता किमान २४ तास थांबण्याचा आहे. येथे त्याहून अधिक थांबतात आणि मधल्या वेळात प्रिंटवर साधा, गुळगुळीत, कोरा कागद पसरून ठेवतात. त्यानंतर मऊ ब्रशने धूळ झाडली जाते. कॅनव्हासच्या विणीतून सुटलेला एखादा धागा किंवा शाई न धरलेली गाठ याच वेळी काढावी लागते, कारण कोटिंगनंतर ती गाठ उडाली तर तेथे पांढरा ठिपका कायमचा राहतो.

द्रव डब्यातून सरळ रोलरवर घेतला जात नाही. डबा हलवून घुसळल्यास त्यात बुडबुडे धरतात, म्हणून तो पट्टीने तळापासून सावकाश ढवळतात, थोड्या शुद्ध पाण्याने पातळ करतात आणि नायलॉनच्या कापडातून गाळून ट्रेमध्ये ओततात. नवा रोलर आधी धुऊन, पिळून, त्याचे सुटे कण काढून मगच वापरतात. पहिला थर आडवा, लगेच उभा, आणि शेवटी अजिबात दाब न देता एकाच दिशेने रोलर ओढून घेतला जातो. येथे कारागिराचा हात कळतो. थर ओढ धरू लागला, म्हणजे चिकट होऊ लागला, की त्यावर पुन्हा रोलर फिरवायचा नसतो, मग एखादी जागा सुटलेली दिसली तरी ती पुढच्या थरासाठी सोडून द्यायची असते. घराच्या भिंती रंगवणाऱ्याला सुटलेली जागा पुन्हा पुन्हा पुसून घेण्याची जी सवय असते, तिनेच अशा कामाचा सर्वाधिक नाश होतो, कारण अर्धवट वाळलेला थर ओढला गेला की पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. माझ्या किल्ल्याच्या चित्रात आकाशाचा भाग मोठा आणि सपाट होता आणि अशा भागात रोलरचे पट्टे चटकन उठून दिसतात. तिरप्या प्रकाशात धरून पाहिल्यावरही मला ते दिसले नाहीत.

आता नकाराविषयी. जूनच्या मध्यापासून नवरात्रापर्यंत ही कार्यशाळा कोटिंगचे काम घेतच नाही, आणि इतर महिन्यांतही भिंतीवरच्या आर्द्रतामापकाचा काटा ७० च्या वर असेल तर रोलर हातात धरत नाही. गणपतीपूर्वीचे दिवस म्हणजे आपल्याकडे घर सजवण्याचे दिवस. चाकरमानी घरी येणार म्हणून नव्या फ्रेम, नवी चित्रे यांची मागणी त्याच वेळी सर्वांत अधिक असते. नेमक्या त्याच वेळी हे काम नाकारणे धंद्याच्या दृष्टीने सोपे नाही. श्रावणात मी स्वतः विचारणा केली होती, तेव्हा चित्र छापून देतो परंतु कोटिंग नंतर आणून करून घ्या, असे स्पष्ट उत्तर मिळाले.

या नकारामागील कारण नीट समजून घेण्यासारखे आहे. पाण्यावर आधारित ॲक्रिलिक वाळते ते त्यातील पाणी उडून जाऊन आणि पॉलिमरचे सूक्ष्म कण एकमेकांत मिसळून त्यांचा सलग पडदा तयार झाल्यामुळे. हवा आधीच पाण्याने भरलेली असेल तर आतले पाणी बाहेर पडत नाही, थर तासन्‌तास चिकट राहतो, त्यावर धूळ आणि चिलटे बसतात आणि खालचा कॅनव्हास ओला राहून सैल पडतो. सॉल्व्हंटच्या, म्हणजे पाण्याऐवजी रासायनिक द्रावक असलेल्या, कोटिंगची तऱ्हा वेगळी असते. सॉल्व्हंट झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड करतो, त्या थंड पृष्ठभागावर दमट हवेतील बाष्प दंवासारखे जमते आणि ते थरात अडकून दुधी सायीसारखी झाक येते. ही झाक काळ्या रंगावर सर्वांत आधी दिसते. वातानुकूलित खोलीत हे काम का करत नाही, असे मी विचारले होते. त्यावर मिळालेले उत्तरही पटण्यासारखे होते. तशी खोली केवळ प्रिंटरची आहे, तेथे द्रवाचा वास आणि कण नकोत, शिवाय गार खोलीतील प्रिंट बाहेरच्या पावसाळी हवेत आणली की तिच्यावर ओल धरते. हिवाळ्यातही पहाटेची हवा दमट असल्यामुळे उन्हे चांगली वर आल्यानंतरच काम सुरू होते आणि दुपारीच आटोपते. महामार्गालगत अनेक ठिकाणी बारा महिने ‘आजच्या आज’ कोटिंग करून मिळते. ते कसे मिळते, याचा विचार ग्राहकाने करावा.

कॅनव्हासचे फळ मला पुढच्या पावसाळ्यात दिसले. चित्र लाकडी चौकटीवर ताणताना कडेला जी घडी पडते, तेथे कोटिंग नसलेल्या कॅनव्हासवरील शाईचा थर बऱ्याचदा तडकतो आणि खालचा पांढरा रंग दिसू लागतो. येथे कोपरेसुद्धा अखंड राहिले, कारण ॲक्रिलिकचा पडदा लवचीक असतो. पावसाळ्यात चित्राच्या पृष्ठभागावर साचलेला मिठाचा आणि धुळीचा चिकट थर किंचित ओल्या, मऊ कापडाने पुसता आला. उघड्या पिगमेंट शाईवर हे धाडस मी केले नसते. मात्र मागची बाजू उघडीच असते, हे विसरून चालत नाही. चिऱ्याच्या जुन्या घरांत पश्चिमेची भिंत आषाढात पाणी पिते आणि तिला टेकून लावलेल्या चित्राला मागून बुरशी येते. पुढच्या बाजूचे कोटिंग तिला कितपत अडवणार? कार्यशाळेने चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवून चित्र आणि भिंत यांच्यात हवा खेळती राहील अशी सोय न सांगता करून दिली होती. त्याचे वेगळे पैसे लावले नव्हते, आणि कोटिंगइतकाच त्या तुकड्यांचा उपयोग झाला असे माझे मत आहे.

दशावताराच्या चित्राची परीक्षा अधिक कठीण होती. रात्रीचा रंगमंच, मागे गडद अंधार, त्यातून पुढे आलेला राजाचा मुकुट आणि रंगवलेला चेहरा, असे ते चित्र असल्यामुळे सारी मदार काळ्या रंगाच्या खोलीवर होती. सुती मॅट कागदावर काळ्याची घनता, म्हणजे तो किती गडद आहे हे सांगणारा आकडा, मोजली तर साधारण १.६ ते १.७ च्या आसपास येते, तर चांगल्या चकचकीत कागदावर ती २.२ च्याही वर जाते. डोळ्यांना हा फरक काळा आणि कोळशासारखा करडा यांच्यातला वाटतो. मॅट पृष्ठभागाच्या खडबडीतपणामुळे प्रकाश सर्व दिशांना विखुरतो आणि अंधारावर एक फिकट पडदा येतो. ग्लॉस किंवा सॅटिन कोटिंगने हा पृष्ठभाग सपाट झाला की काळा रंग एकदम गडद होतो. येथे तसेच झाले. पागोट्याच्या सावलीतील घड्या, ज्या कोरड्या प्रिंटमध्ये मिसळून गेल्या होत्या, त्या कोटिंगनंतर वेगळ्या दिसू लागल्या.

मला मात्र चकाकी नको होती, म्हणून शेवटचा थर मॅट ठेवण्याची विनंती केली. मॅट द्रवात चकाकी मारण्यासाठी सिलिकाची बारीक पूड घातलेली असते आणि ती डब्याच्या तळाशी बसते. डबा नीट ढवळला नाही तर वरचा द्रव चकचकीत आणि तळाचा पांढुरका निघतो. आणि सगळेच थर मॅट दिले तर पुडीचे थरावर थर चढून काळ्यावर धुके पसरते. कार्यशाळेने आधीचे थर ग्लॉसचे दिले आणि केवळ वरचा एक थर मॅटचा दिला. हे करण्यापूर्वी त्याच कागदाच्या कापलेल्या पट्टीवर नमुना करून दाखवला, हे मला विशेष आवडले. पाण्यामुळे कागद वळू नये म्हणून तो चारही बाजूंनी कागदी टेपने फळीवर ताणला होता, तरी वाळल्यावर तो थोडा वळलाच, आणि वजनाखाली दाबून सपाट करावा लागला.

या कामाविषयीची माझी अट कागदाच्या रंगाची आहे. द्रवात अतिनील किरण शोषणारे घटक असतात. अनेक कागद पांढरेशुभ्र दिसतात ते त्यांच्यातील चमक आणणाऱ्या रसायनांमुळे, आणि ती रसायने अतिनील किरण घेऊन निळसर प्रकाश सोडतात. वर किरण शोषणारा थर आला की ती रसायने उपाशी राहतात आणि कागद पिवळसर दिसू लागतो. कृष्णधवल चित्रात ही छटा लगेच जाणवते. ज्यांना थंड, निळसर पांढरा रंग हवा आहे त्यांनी मॅट कागदावर कोटिंग करूच नये, चित्र काचेमागे ठेवावे. आणि ज्यांना करायचे आहे त्यांनी मुळातच चमक-रसायने नसलेला, किंचित उबदार रंगाचा कागद निवडावा. ही सूचना कार्यशाळेने छपाईपूर्वी द्यायला हवी होती. विचारल्यावर त्यांना ती माहीत होती असे दिसले, परंतु आपणहून सांगितली गेली नाही.

आणखी एक गोष्ट ग्राहकाला स्पष्ट सांगायला हवी. कॅनव्हासवरचा काही प्रकारचा व्हार्निश पुढे योग्य द्रावकाने काढता येतो, पण सच्छिद्र कागदात मुरलेला थर व्यवहारात परत निघत नाही. संग्रहालयाच्या दृष्टीने पाहणारा माणूस म्हणूनच मूळ प्रतीवर कोटिंग करण्यास कचरतो. संग्रहासाठीची प्रत कोरी ठेवून भिंतीवरच्या प्रतीवर कोटिंग करावे, हे उत्तम. सावंतवाडीच्या गंजिफांवर लाखेचा थर चढतो तो हाताळणीत पत्ते टिकावेत म्हणून. भिंतीवरच्या कागदी चित्राला कोणी हात लावणार नसेल, तर त्याला तो थर हवाच असे नाही.

चकचकीत प्रिंटविषयी फार लिहिण्यासारखे नाही. घरच्या प्रिंटरची डाय शाई पाण्यात विरघळते, म्हणून कार्यशाळेने कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवून ती पसरते हे दाखवले आणि पाण्यावरचे कोटिंग देण्यास नकार दिला. सॉल्व्हंटच्या स्प्रेचे पातळ थर देऊन काम झाले, ते वाईटही नाही. परंतु अशी छोटी प्रिंट पुन्हा छापण्याचा खर्च कोटिंगपेक्षा कमी पडतो आणि तिला काच लावली तर ओझोनचा प्रश्नही बहुतांशी मिटतो. लॅबमधून धुऊन येणाऱ्या लग्नाच्या अल्बममधील छायाचित्रे इंकजेटची नसतात. त्यांना हे द्रव लावण्याचा आग्रह कोणी धरू नये.

उणिवा आहेत. कॅनव्हासच्या खालच्या कडेला द्रव साचून एक जाड ओघळ वाळला होता. तो चौकटीच्या मागे गेल्यामुळे दिसत नाही, तरी तो पुसून घ्यायला हवा होता. दशावताराच्या चित्रात कडेच्या अंधारात ब्रशचा एक केस थराखाली अडकलेला आहे. कामाला वेळ लागतो आणि तो आधी सांगितलेल्या तारखेच्या पुढे जातो. हवामानाचे कारण पटते, पण दूरध्वनी ग्राहकाला करावा लागतो, ते चुकते. दर्शनी फलकावर ‘रंग आयुष्यभर उडणार नाहीत’ असे लिहिले आहे, ते काढून टाकावे. अतिनील किरण अडवले तरी दृश्य प्रकाशाने रंग उडतच राहतात आणि कोटिंगने ती गती काही प्रमाणात मंदावते, थांबत नाही. इतके सावध काम करणाऱ्या माणसांनी इतका बेसावध फलक लावावा, याचे नवल वाटते.

कोटिंगचा दर छपाईच्या दराच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतका पडतो. कॅनव्हासला काच आणि मोठी फ्रेम लागत नसल्याने तो खर्च तेथे भरून निघतो. पर्याय म्हणून गावोगावी मिळणारे कोल्ड लॅमिनेशन, म्हणजे उष्णता न देता चिकटवलेली प्लास्टिकची फिल्म, स्वस्त आहे, मात्र खडबडीत सुती कागदावर ते नीट बसत नाही आणि दोन पावसाळ्यांनंतर कडेने सुटलेली फिल्म मी अनेक घरांत पाहिली आहे. हार्डवेअरच्या दुकानातील लाकडाचे एनसी (नायट्रोसेल्युलोज) क्लिअर लॅकर प्रिंटवर मारून देणारे सुतारही भेटतात. ते लॅकर काळाबरोबर पिवळे पडते, तेव्हा त्याच्या वाटेला जाऊ नये.

येथे काम द्यायचे असेल तर काही गोष्टी आधी ठरवून घ्याव्यात. चित्रावर सही करायची असल्यास ती कोटिंगपूर्वी, पिगमेंट शाईच्या पेनाने करावी आणि त्या पेनाची नमुन्याच्या पट्टीवर परीक्षा करून घ्यावी, कारण काही पेनांची शाई ओल्या थराखाली फुटते. गुंडाळून न्यायचा कॅनव्हास छापील बाजू बाहेर ठेवून, जाड नळीवर गुंडाळण्यास सांगावे, म्हणजे थर दाबला जाऊन चुरगळत नाही. कोटिंग केलेल्या प्रिंट एकमेकींवर तोंडाला तोंड लावून ठेवू नयेत. ॲक्रिलिक उन्हाळ्यात मऊ होते, आणि मे महिन्यात गाडीच्या डिकीत राहिलेल्या प्रिंट एकमेकींना कायमच्या चिकटू शकतात. मध्ये सिलिकोन लावलेला, न चिकटणारा कागद घालून देण्याची पद्धत कार्यशाळेत आहे, तो मागून घ्यावा. पावतीवर वापरलेल्या द्रवाचा प्रकार आणि थरांची संख्या लिहून मिळते. ती पावती चौकटीच्या मागे चिकटवून ठेवावी. गणपतीसाठी चित्र हवे असेल, तर ते छापून, कोटिंग होऊन, पूर्ण वाळून घरी यायला हवे, म्हणून शिमगा आटोपताच काम सांगितलेले बरे. एप्रिलनंतर त्यांच्याकडे गर्दी होते आणि जूनच्या पहिल्या सरीनंतर तर ते कोणाचेच ऐकत नाहीत.